शेवटच्या वर्षाचे व्याख्यान नाकारताना : महाविद्यालयांना एक खुले पत्र

महाविद्यालयांचे प्राचार्य, विभागप्रमुख आणि प्लेसमेंट विभागाचे समन्वयक यांस,

सप्रेम नमस्कार.

गेली १९ वर्षे मी नव्या पदवीधरांच्या निवडीचे काम करतो. त्यामुळे दर वर्षी, साधारण एकाच सुमारास, निरनिराळ्या महाविद्यालयांतून मला एकाच आशयाचे फोन येतात : शेवटच्या वर्षाची मुले आहेत, मुलाखती तोंडावर आल्या आहेत, रेझ्युमे कसा लिहावा आणि मुलाखतीची तयारी कशी करावी यावर दोन तास बोलाल का? मी बहुतेक वेळा गेलो. यंदा मात्र असे एक आमंत्रण नाकारले, आणि नकाराचे कारण फोनवर नीट सांगता आले नाही म्हणून हे पत्र लिहितो आहे. ते त्या एका महाविद्यालयाला उद्देशून नाही. त्या समन्वयक बाईंनी तर फार आपुलकीने बोलावले होते.

रेझ्युमे कसा लिहावा हे दोन तासांत सांगता येते. खरे तर अर्धा तास पुरतो. पण त्यात काय लिहायचे, हे समोर बसलेल्या मुलांच्या मागच्या दोन-तीन वर्षांत ठरून गेलेले असते. फोटो लावावा का, छंदांत ‘वाचन आणि संगीत’ लिहिले तर चालेल का, एका पानात बसवावे की दोन, असे प्रश्न येतात आणि मी उत्तरे देतो. मागच्या रांगेतल्या एखाद्या मुलाच्या चेहऱ्यावर मात्र स्पष्ट दिसत असते की, पान एक असो वा दोन, ते भरायला आपल्यापाशी काहीच नाही असे त्याला वाटते आहे. त्याच्यासाठी माझ्याकडे त्या दिवशी काही नसते, आणि तो अपराध एकट्या त्याचा नसतो.

एक मुलाखत सांगतो. उमेदवार मुलगी होती, विषय सांख्यिकी. चौघांनी मिळून केलेला एक प्रकल्प तिच्या अर्जात होता : महाविद्यालयाच्या ग्रंथालयात कोणती पुस्तके किती वेळा बाहेर जातात याचा अभ्यास. मी त्याबद्दल विचारले तेव्हा तिची सगळी उत्तरे ‘आम्ही’ने सुरू होत होती. आम्ही नोंदी गोळा केल्या, आम्ही विश्लेषण केले, आम्ही सादरीकरण दिले. (मुलाखती घेणाऱ्याला हा ‘आम्ही’ फार सतावतो, त्याच्याआड चौघांपैकी नेमके कोण उभे आहे ते कळत नाही.) मी विचारले, “यातले तुम्ही स्वतः काय केले?” ती गोंधळली. मग जरा वेळाने, काही कबूल करावे तसे सांगू लागली, की संगणकातल्या नोंदींत एका वर्षी तारीख आधी होती आणि पुढच्या वर्षी महिना आधी, त्यामुळे काही पुस्तके नेण्यापूर्वीच परत आल्याचे दिसत होते. म्हणून ती तीन दिवस ग्रंथालयाच्या काउंटरमागे बसली आणि जुन्या रजिस्टरावरून एकेक नोंद ताडून पाहत राहिली. बाकीच्या तिघांना ते काम कंटाळवाणे वाटले होते. आम्हाला नेमकी अशीच व्यक्ती हवी होती. तिची निवड झाली ती त्या तीन दिवसांमुळे, आणि ते तीन दिवस अर्जात कुठेही नव्हते. ते लिहिण्यासारखे असतात हे तिला चार वर्षांत कोणी सांगितलेच नव्हते.

माझे म्हणणे एवढेच आहे. करिअरचे नियोजन हे शेवटच्या वर्षाचे कार्यक्रम-पत्रकातले एक कलम न राहता पहिल्या सत्रापासून वर्गात, शिक्षकांच्या देखरेखीखाली चालणारे काम व्हावे. आणि त्या कामाचा गाभा ‘काय व्हायचे ते ठरवा’ हा नसून ‘करून पाहा आणि त्याची नोंद ठेवा’ हा असावा.

पहिल्या वर्षीच ध्येय ठरवून घ्या असे मी म्हणतो आहे, असा कृपया अर्थ घेऊ नये. या विषयाचा इतिहासच त्याविरुद्ध साक्ष देतो. अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये १९०८ साली फ्रँक पार्सन्स यांनी व्यवसाय-मार्गदर्शनाचे केंद्र सुरू केले. त्यांची मांडणी साधी होती : माणसाने स्वतःला ओळखावे, कामांची माहिती घ्यावी आणि दोहोंची विचारपूर्वक सांगड घालावी. पार्सन्स त्याच वर्षी वारले. त्यांचे पुस्तक पुढच्या वर्षी आले. आज आपल्याकडे चालणाऱ्या बहुतेक कल-चाचण्या याच मांडणीच्या वंशातल्या आहेत. मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या आणि पुढे विकसित केलेल्या, माणसांच्या व कामांच्या सहा प्रकारांच्या वर्गीकरणावर त्यांतल्या कितीतरी उभ्या आहेत. या चाचण्या निरुपयोगी नाहीत. पण अठरा वर्षांच्या ज्या मुलाने एकाही कार्यालयाचा, प्रयोगशाळेचा किंवा कार्यशाळेचा दिवस आतून पाहिलेला नाही, त्याला ‘तुला आकडेमोडीचे काम आवडेल का’ असे विचारल्यावर तो ऐकीव गोष्टींवरच उत्तर देणार. चाचणी मग त्याच ऐकीव गोष्टी टक्केवारीच्या रूपात त्याला परत करते, आणि छापील कागदावर आल्यामुळे तो त्यांच्यावर विश्वास ठेवतो.

मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड सुपर यांनी आयुष्यातल्या कामाचे टप्पे मांडताना साधारण १५ ते २४ हे वय ‘शोधाचा’ काळ मानले. तुमच्याकडे येणारा बहुतेक प्रत्येक विद्यार्थी त्या वयात येतो आणि त्या वयातच बाहेर पडतो, म्हणजे शोधाची वर्षे तो तुमच्या आवारात घालवतो. याच विषयातले संशोधक जॉन क्रम्बोल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये याच्याही पुढचा मुद्दा मांडला. माणसांच्या कामाच्या वाटा बऱ्याच अंशी योगायोगाने वळतात, तेव्हा योगायोग घडावेत आणि घडले की ओळखता यावेत अशी तयारी ठेवणे हेसुद्धा नियोजनच आहे, असे ते म्हणतात, आणि त्या तयारीत कुतूहल, चिकाटी, लवचिकता, आशावाद आणि थोडी जोखीम घेण्याची वृत्ती यांची गणना करतात. व्याख्यानाने यातले एकही अंगी येत नाही. काउंटरमागच्या तीन दिवसांनी येते.

आता आमच्या बाजूचे. उमेदवार निवडण्याच्या पद्धतींपैकी कोणत्या पद्धतीने पुढच्या कामाचा अंदाज बरा बांधता येतो, यावर मानसशास्त्रात प्रदीर्घ काळ संशोधन झाले आहे. श्मिट आणि हंटर यांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला. २०२२ मध्ये सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातली गणिते पुन्हा तपासली आणि या पद्धतींचा अंदाज किती खरा ठरतो याचे बरेच आकडे खाली आणले. या नव्या हिशेबात संरचित मुलाखत, म्हणजे सर्वांना आधी ठरवलेले तेच प्रश्न विचारून ठरलेल्या निकषांवर गुण देण्याची मुलाखत, सर्वांत वर आली. नुसते शिक्षण किती वर्षे झाले, याचा उपयोग १९९८ च्या आढाव्यातही अगदी कमी दिसला होता.

या मुलाखतीत काय विचारतात? ‘काम अडले होते असा एखादा प्रसंग सांगा, तेव्हा तुम्ही काय केले?’ ‘सहकाऱ्याशी मतभेद झाला असा प्रसंग सांगा.’ ‘स्वतःची चूक स्वतःच्या लक्षात आली असा प्रसंग सांगा.’ प्रत्येक प्रश्न प्रसंग मागतो. ज्याच्या गाठीशी प्रसंग नाहीत तो पाठ केलेली वाक्ये म्हणतो, आणि ती आम्हाला पहिल्या ओळीतच कळतात, कारण त्याच दिवशी आधीच्या तिघांनी तीच म्हटलेली असतात. मी स्वतः व्याख्यानांत दिलेली वाक्ये मला मुलाखतीत परत ऐकवली गेली आहेत.

प्रसंग गाठीला यावेत म्हणून शिक्षण आणि काम यांची सांगड घालण्याची कल्पनाही जुनीच आहे. हर्मन श्नायडर यांनी १९०६ साली सिनसिनाटी विद्यापीठात अभियांत्रिकीच्या २७ विद्यार्थ्यांपासून ती सुरू केली : काही काळ वर्गात, काही काळ कारखान्यात, पुन्हा वर्गात. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाने १९५७ पासून आपली उभारणीच या पद्धतीवर केली. तिच्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती ‘पुन्हा वर्गात’ ही तिसरी पायरी. कामावरून परत आलेला मुलगा प्रश्न घेऊन येतो. कालपर्यंत परीक्षेपुरता असलेला धडा त्याला आता कशासाठी तरी हवा असतो. शेवटच्या सत्रातली इंटर्नशिप, जी संपली की थेट पदवीच हाती येते, ही तिसरी पायरी गिळून टाकते. म्हणूनच इंटर्नशिप आहे की नाही, याइतकेच ती कोणत्या वर्षी आहे हेही महत्त्वाचे ठरते.

हे सगळे मी आज शहाणपणाने लिहितो आहे, पण माझी स्वतःची गोष्ट फारशी वेगळी नव्हती. आमच्या घरात महाविद्यालयात गेलेला मी पहिलाच. ज्या महाविद्यालयात शिकलो तिथे ‘करिअर कक्ष’ नावाची एक खोली होती आणि तिच्या दारावर ‘फक्त अंतिम वर्षासाठी’ अशी पाटी होती. मी ती पाटी दोन वर्षे इमानाने पाळली. तिसऱ्या वर्षी आत गेलो तेव्हा टेबलावरच्या फायलीत एका संशोधन संस्थेच्या उन्हाळी प्रशिक्षणाचे पत्रक दिसले. ते दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी होते आणि मुदत उलटून दहा महिने झाले होते. तिथल्या कारकुनांनी मला दोष दिला नाही. “ही पत्रके आम्ही लावतो बाहेर कधीकधी,” असे ते म्हणाले. माझ्या वर्गातल्या दोघांनी त्या प्रशिक्षणासाठी अर्ज केला होता. त्यांपैकी एकाची आई प्राध्यापिका होती आणि दुसऱ्याचा मोठा भाऊ त्याच क्षेत्रात होता. त्यांना त्या खोलीची गरजच नव्हती.

या पत्रात मला सर्वांत जास्त बोचणारी गोष्ट हीच आहे. ज्याच्या घरात विचारायला कोणी आहे, त्याचे नियोजन महाविद्यालयाने काही न करताही होते. शेवटच्या वर्षापर्यंत थांबणारी व्यवस्था वरवर सर्वांना सारखी वागवते. तिची किंमत मात्र ज्यांना घरी विचारायला कोणी नाही तेच मोजतात. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ओळखीतून नोकरी मिळालेल्या माणसांना त्या ओळखीच्या व्यक्तीची भेट किती वेळा होत असे, हे विचारले होते. वरचेवर भेटणाऱ्यांकडून नोकरी कळलेले १७ टक्क्यांच्या आसपासच होते; उरलेल्यांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून कळली होती. जवळच्यांना जे माहीत असते ते आपल्यालाही माहीतच असते, नवी बातमी लांबच्या ओळखीतून येते, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. मग ज्या मुलाच्या लांबच्या ओळखीही त्याच्याच गल्लीत संपतात, त्याने काय करावे? त्याच्याजवळ एकच मोठे ओळखीचे जाळे असते : त्याचे महाविद्यालय, म्हणजेच माजी विद्यार्थी. त्यांची यादी तुमच्या कार्यालयात असते, पण ती निधी मागताना आणि स्नेहमेळाव्याला बोलावताना उघडली जाते.

तेव्हा पहिली विनंती : ती यादी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी, संबंधितांची संमती घेऊन, उघडा. पहिल्या वर्षी प्रत्येकाने दोन नोकरदार किंवा व्यावसायिक माणसांना प्रत्यक्ष अथवा फोनवर भेटावे आणि प्रत्येकावर एक पान लिहावे. नोकरी मागण्यासाठी भेटायचे नाही. ‘कालचा तुमचा पूर्ण दिवस कसा गेला?’ एवढे विचारायला भेटायचे. वकिलाचा दिवस न्यायालयात किती आणि कागदांत किती जातो, वास्तुविशारद चित्रे किती वेळ काढतो आणि परवानग्यांमागे किती वेळ फिरतो, हे ऐकल्यावर पुष्कळ मुलांची स्वप्ने बदलतील. काहींची पक्कीही होतील. ते पान कोणत्या तरी शिक्षकाने वाचून त्यावर दोन ओळी लिहिणे मात्र आवश्यक आहे, नाहीतर दुसऱ्या वर्षी एकाच पानाच्या तीस प्रती जमा होतील, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता.

दुसरी विनंती नोंदवहीची आहे, आणि तिच्यावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने महिन्यातून एकदा, अर्ध्या पानात, तीन गोष्टी लिहाव्यात : या महिन्यात मी स्वतः काय केले, कुठे अडलो, आणि कशाचा कंटाळा आला. तिसऱ्या प्रश्नाला लोक हसतात. पण आपल्याला काय आवडते याबद्दल माणूस स्वतःला सहज फसवतो. कंटाळा त्यामानाने खरे बोलतो. दोन वर्षांच्या नोंदींत प्रत्येक गट-प्रकल्पाच्या वेळी ‘सादरीकरण करताना मजा आली, आकडे तपासताना जीव गेला’ असे लिहिलेले सापडले, तर त्या विद्यार्थ्याला कल-चाचणीची गरज उरत नाही. शिवाय शेवटच्या वर्षी रेझ्युमे लिहायला बसताना त्याच्यासमोर वही असेल, आणि त्यातली वाक्ये ‘मी’ने सुरू झालेली असतील.

या वहीचा आणखी एक फायदा तुमच्या शिक्षकांना होईल. शिफारसपत्रे आम्ही ढिगाने वाचतो, आणि त्यांतल्या बहुतेकांत विद्यार्थी ‘मेहनती, होतकरू व शिस्तप्रिय’ असतो. शिक्षकांचा तरी काय इलाज? साठ मुलांच्या वर्गातून तीन वर्षांनी समोर आलेल्या मुलाबद्दल ते दुसरे काय लिहिणार? वहीतला एक प्रसंग त्यांनी पत्रात घातला तर ते पत्र वाचले जाईल.

तिसरी गोष्ट वैकल्पिक विषयांची. विद्यार्थी ते निवडतात तेव्हा कोणता विषय सोपा, कोणते सर गुण सढळ देतात, याची चौकशी करतात; त्यात गैर काही नाही, आम्हीही तेच केले. पण कोणता विषय सोडला की पुढची कोणती दारे बंद होतात, हे त्यांना त्याच वेळी, त्याच कागदावर सांगायला हवे. अर्थशास्त्राच्या पुढच्या शिक्षणाकडे जाऊ पाहणाऱ्या कितीतरी मुलांना गणित का हवे होते ते अर्ज भरताना कळते. विषयनिवडीच्या अर्जावर प्रत्येक विषयापुढे ‘हा विषय कोणत्या पुढील अभ्यासक्रमांना लागतो’ अशी एक ओळ छापायला विभागाला एक दुपार लागेल.

दुसऱ्या वर्षी प्रत्येकाने अभ्यासक्रमाबाहेरच्या कोणासाठी तरी एक काम पूर्ण करावे, असेही मला वाटते. ते इंटर्नशिपच्या नावाचे नसले तरी चालेल : एखाद्या संस्थेचे हिशेब नीट लावून देणे, छोट्या दुकानदाराच्या साठ्याची यादी बनवणे, शाळेच्या प्रयोगशाळेतली उपकरणे दुरुस्त करणे. काम संपल्यावर ते वापरणारा दुसरा कोणी असावा, एवढीच अट. बिनपगारी इंटर्नशिपबाबत मात्र मी तुमच्याशी स्पष्ट बोलतो. पूर्ण वेळ, सहा महिने आणि विनामोबदला अशी अट घालणाऱ्या संस्थेला प्रवेश देताना, ज्याला सुट्टीत कमवावे लागते त्या मुलाला आपण वगळतो आहोत, हे समन्वयकांनी ध्यानात ठेवावे. यात माझ्या क्षेत्रातले लोक दोषी आहेत, हे मान्य.

तुमचे आक्षेप मला ठाऊक आहेत, कारण त्या दिवशी फोनवर त्यांपैकी दोन मी ऐकले. पहिला असा, की पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुले अशा कार्यक्रमांना येतच नाहीत. खरे आहे. ऐच्छिक कार्यक्रमाला जी येतात ती बहुधा घरून सांगून पाठवलेली असतात, म्हणजे पुन्हा तीच मुले ज्यांना गरज कमी. म्हणून मी हे काम तासिकेत मागतो आहे. महिन्याला एक तास पुरेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : महाविद्यालय म्हणजे नोकरदार घडवण्याचा कारखाना नव्हे. याच्याशी मी पूर्ण सहमत आहे, आणि इतिहास किंवा तत्त्वज्ञान शिकणाऱ्या मुलाला ‘याचा उपयोग काय’ असे विचारणाऱ्यांत मी नाही. पण आजची पद्धतच त्या मुलावर जास्त अन्याय करते. त्याने लिहिलेला प्रबंध, चाळलेली दप्तरे, उलटसुलट साक्षींतून काढलेला निष्कर्ष हे किती मोठे कौशल्य आहे, हे त्याला कोणी उलगडून दाखवत नाही, आणि शेवटच्या वर्षी घाबरून तो आपला विषय लपवणारा रेझ्युमे लिहितो. मी असे रेझ्युमे पाहिले आहेत. विषयाचे नाव सर्वांत खाली, बारीक अक्षरांत.

प्लेसमेंटच्या टक्केवारीबद्दलही दोन शब्द. पदवीच्या दिवशी किती जणांच्या हाती नियुक्तिपत्र होते, हा आकडा तुम्ही माहितीपुस्तिकेवर छापता. मंदीच्या काळात पदवी घेणाऱ्यांवर त्या काळाचा परिणाम किती टिकतो, याचा कॅनडातील पदवीधरांवर मोठा अभ्यास झाला आहे. त्यात कमाईतली सुरुवातीची तूट सुमारे ९ टक्के दिसली आणि ती भरून यायला दहा वर्षांच्या आसपास गेली; ज्यांची भरून आली त्यांतल्या बऱ्याच जणांनी दरम्यान अधिक चांगल्या ठिकाणी नोकरी बदलली होती. पहिली नोकरी कधी मिळेल हे पुष्कळदा विद्यार्थ्याच्या हातात नसते, महाविद्यालयाच्याही नसते. दुसरी शोधता येणे हे मात्र शिकवता येते. तेव्हा त्या आकड्याशेजारी, तीन वर्षांनी त्याच मुलांना फोन करून मिळवलेला दुसरा आकडाही छापा. तो कदाचित तितका देखणा नसेल.

ज्या महाविद्यालयाला मी नकार दिला त्यांना कालच पुन्हा फोन केला. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी काय पाप केले आहे? त्यांच्यासाठी येतो म्हणून सांगितले, मात्र व्याख्यान देणार नाही. वीस-वीसच्या गटांत बसून प्रत्येकाकडून ‘मी’ने सुरू होणारे तीन प्रसंग काढून घेईन, त्याला दोनऐवजी चार तास लागतील. आणि त्याच दिवशी दुपारी पहिल्या वर्षाचा एक वर्ग मला द्यावा, असे मागितले. समन्वयक बाई म्हणाल्या की वेळापत्रकात तसा तास नाही, प्राचार्यांना विचारून कळवते. मी उत्तराची वाट पाहतो आहे. तुमच्यापैकी ज्यांच्या वेळापत्रकात असा तास असेल किंवा काढता येईल, त्यांच्याकडेही मी सत्राच्या पहिल्या महिन्यात येईन. सोबत, नावे झाकलेले आणि नाकारले गेलेले चार जुने अर्ज आणेन. ते का नाकारले गेले हे मुलांनीच मला सांगायचे आहे.

आपला,
नव्या पदवीधरांच्या निवडीचे काम करणारा एक माजी विद्यार्थी